खिळेचोर राघोदा

कुठलंही उभं लाकूड दिसलं की राघोदा त्यावर बोटाची पेरं वाजवी आणि कान लावी. तीस सालच्या सुमाराला मी मुरुडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. हा शेजारी भेटायला आला, तो माझ्याकडे न बघता दाराची चौकटच वाजवत बसला. "मास्तर, आतून बोलतंय," एवढं म्हणून निघून गेला. आठवड्याभरात वाळवीनं पोखरलेली ती चौकट कोसळली. त्या दिवसापासून मी त्याला वेडा म्हणणं सोडलं. गावानं मात्र सोडलं नव्हतं.

राघोदा पूर्वी होड्यांच्या डोलकाठ्या घडवी. नारळी पुनवेला शिडाच्या होड्यांची शर्यत लागे. मी येण्याआधी अशाच एका शर्यतीत त्याच्या थोरल्या भावाची, पांडूची, काठी कडाडून मोडली. वारा बेताचा, समुद्र शांत. काठी डोक्यात बसून पांडू गेला. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन काठ्या तशाच मोडल्या. कारण कुणालाच कळेना, पण तिन्ही राघोदाच्या हातच्या. मग त्याला काम कोण देणार?

तेव्हापासून त्याला खिळे चोरायचा नाद लागला. शर्यतीआधी घरच्या बाईनं काठीत लोखंडी खिळा ठोकायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही, अशी तिथली रीत. हा पठ्ठ्या पकडीनं खिळे उपटायचा आणि भोकात डांबर भरायचा. बायका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. सापडला की म्हणे, "उसना घेतला, बाय." एकदा लोकांनी बदडला, तेव्हा लंगडत माझ्या ओसरीवर आला.

"अरे, कशापायी हे?" मी चिडलो.

त्यानं आपल्या घरातून पांडूच्या काठीचा तुकडा आणला. खिळ्याच्या भोकातून खारं पाणी मुरून लाकूड आतल्या आत काळं, भुसभुशीत झालं होतं.

"मग गावाला सांग की! तुझा काय दोष?"

"ह्यो खिळा वैनीनं ठोकलाय, मास्तर. दादाला नजर लागू नये म्हनून."



पांडूची बायको एरवी राघोदाशी बोलत नसे. फक्त नारळी पुनवेला अंगणात येऊन एकच प्रश्न विचारी. त्या वर्षी मी त्याच्या ओसरीवरच होतो.

"भावजी, माजा धनी कशानं गेला?"

"माज्या हातानं, वैनी. काठी कच्ची दिली मी."

तिनं त्याला तोंडाला येईल ते ऐकवलं, मूठभर माती त्याच्या दारावर फेकली आणि ताडताड चालत गेली. खरं सांगतो, मला त्या माणसाकडे बघवेना.

राघोदा मात्र तिच्या पाठीकडे बघत होता.

"दादा गेला तवा अन्नाला शिवत नव्हती," तो म्हणाला. "आता मला शिव्या द्यायला तरी दोन येळ जेवती."