रणधीर चौगुलेचे एकतीस पॉइंट

शिरवणे शहरात बास्केटबॉलच्या प्रत्येक खेळाडूचे पॉइंट आदल्या संध्याकाळीच नक्की होतात. दुसऱ्या दिवशीचा सामना केवळ प्रथा म्हणून खेळला जातो. कोण किती पॉइंट करणार यावर लोक पैसे लावतात, सहाला बाजार बंद होतो आणि ज्या आकड्यावर सर्वांत जास्त पैसे असतील तो गुणपत्रकात शाईने चढतो. पंचाचे डोळे चुकतील, पण चाळीस हजार माणसांची पाकिटं कशी चुकतील, असा आमच्याकडे सवाल केला जातो. मी ज्या भाकीत कार्यालयात कारकून आहे, त्याच्या दारावर 'पाचामुखी परमेश्वर' असे लिहिले आहे. परमेश्वराने हरकत घेतल्याची नोंद आवक-जावक वहीत नाही.

मागच्या शनिवारी रणधीर चौगुले या साडेसहा फुटी खेळाडूने एकतीस पॉइंट केले. बाजाराने त्याला शून्य दिले होते. गुरुवारी तो वाण्याकडे सुंठ घेताना दिसला, एवढ्यावरून तो तापाने फणफणला आहे असे शहराने ठरवून टाकले. राष्ट्रीय संघाची निवड गुणपत्रकावरून होते, यादी सोमवारी संध्याकाळी जायची होती, आणि पुढच्या निवडीपर्यंत रणधीरचे वय उलटले असते. म्हणून सोमवारी सकाळीच तो तक्रार घेऊन आला.

"तुम्ही एकतीस पॉइंट केलेत, असं तुमचं म्हणणं," निबंधक देवस्थळीबाई म्हणाल्या.

"म्हणणं कसलं बाई? सगळं गाव बघत होतं की!"

"मग साक्षीदार आणा."

त्याने प्रशिक्षक सामंतांना आणले. सामंत म्हणाले, बास्केट पडली तेव्हा मी बुटाची लेस बांधत होतो.

"चौदा बास्केट पडेपर्यंत?" रणधीरने विचारले.

"लेस लांब होती."

संघातल्या चौघांनी त्याला पास दिले होते. पण चौघांनीही बाजारात त्याचे शून्य घेतले होते, म्हणजे शून्यावर पैसे लावले होते, आणि स्वतःच्या खिशाविरुद्ध साक्ष देणारा माणूस शिरवण्यात अजून जन्मायचा आहे. मीही शून्यच घेतले होते. मी फाईल लावत बसलो.

शेवटी त्याने वडिलांना आणले. आबा चौगुले निवृत्त पीटी शिक्षक. पोराच्या हातात पहिला चेंडू त्यांनीच दिला. सामन्याला ते पहिल्या रांगेत होते.

"आबा, सांगा बाईंना. तुम्ही टाळ्या वाजवत होता की नाही?"

"वाजवत होतो. कशासाठी ते आठवत नाही."

"तुम्हीसुद्धा शून्य घेतलंत?"

"सगळं गाव म्हणत होतं, तुला ताप आहे म्हणून."

"अहो, सुंठ तुमच्या खोकल्यासाठी आणली होती! काढा तुम्हीच प्यालात ना?"

"प्यालो की. पण एवढी माणसं चुकतील होय रे? मला वाटलं, पोरगं दुखणं लपवतंय आपल्यापासून."

रणधीर तिथेच खुर्चीत बसून रडला. मला आबांची चीड आली आणि अजूनही येते. देवस्थळीबाईंनी त्याला पाणी दिले आणि निकाल लिहिला: अर्जदाराचे एकतीस पॉइंट ही त्याची वैयक्तिक समजूत असून ती बाळगण्यास कार्यालयाची हरकत नाही.

यादीत हेमंत काळदातेचे नाव लागले. बाजाराने त्याला अठ्ठावीस पॉइंट दिले होते. शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर तो न्हाणीघरात घसरला आणि त्याचा पाय मोडला. सामना चालू असताना तो हॉस्पिटलात प्लास्टर घालून घेत होता. पण आकडा शाईने चढलेला होता.

मंगळवारी त्याला हारतुरे घालून निरोप दिला. आबांनी भाषण केले. हेमंतला स्ट्रेचरवरून गाडीत ठेवायचे होते, तेव्हा पायाकडची बाजू रणधीरने धरली. अख्ख्या शहरात शून्य न घेतलेला हेमंत एकटाच होता; त्याचा रणधीरवर लहानपणापासून जीव होता.

"हेमंत, तू तरी मानतोस ना, मी एकतीस केले ते?" रणधीरने हळूच विचारले.

हेमंतचे डोळे भरून आले. "तुझ्यापाशी खोटं कसं बोलू रे? मी पूर्ण सामना तुझ्या शेजारी खेळलो. तू एकही पॉइंट केला नाहीस."

रणधीर "बरं" म्हणाला, आणि प्लास्टरचा पाय गाडीच्या दाराला लागू नये म्हणून त्याने स्ट्रेचर जरा तिरपे केले.