तीस सेकंदांनी अडखळणारा ब्रश

घड्याळ दुरुस्तीच्या टेबलावर मी बेचाळीस वर्षं काढली आहेत. मोहरीपेक्षा बारीक स्क्रू मी गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता बसवायचो. त्यामुळे लेकीनं जेव्हा बॅटरीवर चालणारा टूथब्रश माझ्या हातात ठेवला आणि ती म्हणाली, "बाबा, आधी माहितीपत्रक वाचा हं," तेव्हा मला हसूच आलं. माहितीपत्रक? मला? अगं, तुझ्या ब्रशची अख्खी कुंडली मांडून दाखवतो!

ब्रश घरात आला तो दाताच्या डॉक्टरीणबाईंमुळे. माझ्या तोंडावर दिवा धरून त्या म्हणाल्या होत्या, "काका, उजवीकडच्या दाढा घासताच की नाही?"

"घासतो की! ब्रश जुना झालाय, एवढंच."

सोबत आलेल्या लेकीनं ते ऐकलं आणि हा नवा ब्रश आणला. पण मी बोललो ते साफ खोटं! ब्रश चांगला कोरा होता. गेलं वर्षभर माझा उजवा हात थरथरतो. दुकान बंद केलं ते त्यामुळेच, पण सगळ्यांना सांगितलं, "आता आराम करायचाय." बायकोलाही तेच सांगितलं. ज्या हातावर घर चाललं तोच कापतोय, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय नेमकी तेव्हापासून ती चिक्कू झाली होती. चहाचा कप अर्धाच भरायची! विचारलं तर म्हणायची, "वयाला तेवढाच बरा." माझ्या वयाच्या नावावर ही दूध वाचवते, अशी माझी पक्की खात्री होती.

पहिल्या दिवशी सकाळी मी ब्रशवर ऐटीत पेस्ट लावली आणि तोंडात घालायच्या आधीच बटण दाबलं. पेस्ट आरशावर, चष्म्यावर आणि दारामागच्या धुतलेल्या टॉवेलवर!

"काय झालं हो?" बाहेरून बायकोचा आवाज.

"काही नाही! आरसा पुसतोय!"

दुसऱ्यांदा ब्रश तोंडात घालून, ओठ मिटून मग बटण दाबलं. आणि काय सांगू! हात थरथरतोय, ब्रश थरथरतोय, गाल थरथरतायत, चष्मासुद्धा थरथरतोय! त्यातली माझी थरथर कुठली आणि यंत्राची कुठली, आरशात बघून मलाच कळेना. वर्षभरात पहिल्यांदा मला माझ्या हाताची लाज वाटली नाही. डोळ्यांत पाणी आलं. पेस्टही गेली असेल म्हणा.

तेवढ्यात ब्रश अडखळला. क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच! मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. बरोब्बर तीस सेकंदांनी अडखळत होता. चौथ्यांदा तर बंदच पडला. बेचाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की काटा अडखळला, म्हणजे आत कचरा आहे. कोऱ्या ब्रशमध्ये कचरा! लेकीला फसवलं दुकानदारानं!

मी जुनी पेटी काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि तळाचं झाकण काढून ब्रशची आतडी टेबलावर मांडली. कचरा काही सापडला नाही. मग सगळं परत बसवायला घेतलं आणि हातानं दगा दिला. स्क्रू भोकापाशी न्यायचा, तो निसटायचा. पाचव्यांदा तो जमिनीवर पडला, तेव्हा मी खुर्चीखाली चार पायांवर होतो आणि समोर बायकोचे पाय उभे होते.

"काय शोधताय?"

"स्क्रू. ब्रश बिघडलाय. सारखा अडखळतो."

तिनं खोक्यातलं माहितीपत्रक काढलं, हात लांब करून वाचलं आणि म्हणाली, "अहो, दर तीस सेकंदांनी तो थांबून सांगतो, की आता दुसऱ्या बाजूचे दात घ्या. दोन मिनिटं झाली की आपोआप बंद होतो. धडधाकट होता तो!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी उठून खुर्चीत बसलो. तिनं खाली वाकून स्क्रू उचलला, समोर खुर्ची ओढली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"आता बसवा."

"म्हणजे तुला..."

"वर्षभर कप अर्धा कशासाठी भरतेय मी? बशीत सांडला की तुमचा चेहरा बघवत नाही मला."

वर्षभर मी तिला मनातल्या मनात चिक्कू म्हणत होतो आणि ती रोज सकाळी माझी अब्रू झाकत होती. मी स्क्रू फिरवत गेलो, ती मनगट धरून राहिली. एकेक स्क्रू बसला. बटण दाबलं, ब्रश सुरू झाला. बेचाळीस वर्षांत कुठलंही घड्याळ चालू झाल्यावर मला इतका आनंद झाला नव्हता.

"हे बघ," मी म्हणालो, "आता लपवाछपवी पुरे. उद्यापासून मला पूर्ण चहा हवा!"

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खरंच पूर्ण चहा मिळाला. दुप्पट मोठ्या मगात, अर्ध्यापर्यंत.

ब्रशही उत्तम चालतो. फक्त आता तो अडखळत नाही आणि दोन मिनिटांनी थांबतही नाही. पेटीत एक स्क्रू उरलाय. लेकीला सांगितलेलं नाही.