किसनरावांची दोन माणसांची मोटार

मारुतीचा पार जवळ आला की किसनराव चालत्या मोटारीत मांडी घालून बसत. पारावर त्यांचे थोरले काका बसलेले असत, आणि थोरल्या माणसासमोर पाय लांब करून बसणं त्यांच्या घराण्यात आजवर कोणी केलेलं नव्हतं. आता मोटारीत पाय लांब केल्याशिवाय ब्रेकपर्यंत पाय पोचत नाही. पण मोटार बनवणाऱ्या विलायती माणसाला थोरले काका माहीत नव्हते, त्याला तो काय करणार. किसनराव अलीकडच्या उतारावरच दोन्ही पाय वर घेत. मोटार आपल्या मर्जीनं पारापुढून घरंगळत जाई. किसनराव एक हात चाकावर आणि एक कपाळाला लावून "राम राम काका" म्हणत, आणि पलीकडे गेले की पाय पुन्हा खाली सोडत. एकदा मधेच म्हैस आडवी आली. म्हैस शहाणी होती म्हणून ती बाजूला झाली.

मी तेव्हा बदनापूर स्टेशनाजवळच्या एका आडत दुकानात मुनीम होतो. आमचं गाव तिथून तीन कोस. किसनराव माझे भिंतीला भिंत लागून शेजारी, चार बैलजोड्या बाळगणारे शेतकरी, आणि काही ना काही निमित्त काढून रोज बदनापूरला जाणारे. त्यांनी मोटार घेतल्यापासून माझी रोजची पायपीट वाचली. म्हणून मी त्यांची चेष्टा करू नये असं आमच्या मंडळींचं म्हणणं होतं. पण आमची मंडळी त्या मोटारीच्या मागच्या फळीवर कधी बसली नव्हती.

ही मोटार त्यांना जालन्यात मिळाली. तिथल्या एका कापसाच्या जिनातला गोरा इंजिनीअर विलायतेला परत निघाला आणि त्याच्या सामानाची हर्रासी झाली, म्हणजे लिलाव. लोक कपाटं, खुर्च्या, आरसे घेऊन गेले. किसनराव गेले होते कापूस विकायला, ते मोटार घेऊन आले. लाल रंगाची, लांब नाकाची, बिनटपाची, शर्यतीची मोटार. जमिनीला इतकी लागून, की तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं वाटे. आणि बसायला जागा दोन.

घरात वीस माणसं आणि मोटारीत जागा दोन. गाव पोट धरून हसलं. मी शिकलेला माणूस, मी न हसता विचारलं, "किसनराव, जरा थांबला असता तर चार माणसांची मिळाली असती. घाई झाली."

"दोनचीच पायजे होती," किसनराव म्हणाले. "बिलकुल बराबर हाये."

हे 'बिलकुल बराबर' म्हणजे त्यांचं पालुपद. विहिरीचा कठडा ढासळला तेव्हासुद्धा "आता पाणी बिलकुल बराबर दिसतं" असं म्हणणारा हा माणूस. त्यामुळे मी त्या उत्तराकडे लक्ष दिलं नाही.

मग त्या मोटारीला माणसात आणायचं काम सुरू झालं. आमच्याकडच्या चाकोऱ्यांत तिचं पोट टेकायचं, म्हणून लोहाराकडून खाली पट्ट्या ठोकून तिला हातभर वर उचलली. वर उचलल्यावर तिच्यात चढता येईना, म्हणून बाजूला लोखंडी पायरी लावली. भोंगा वाजवला की वाटेवरचे बैल बुजायचे, म्हणून भोंगा काढून नाकाला घुंगरमाळ बांधली. बसायची गादी कातड्याची निघाली. कातडं कोणत्या जनावराचं हे इंजिनीअर सांगून गेला नव्हता, म्हणून ती फाडून सरकी भरलेली गादी शिवून घेतली. नाकावर गाडीरंगाऱ्याकडून कमळ काढून घेतलं, कमळाखाली 'श्री'. एका अंगाला पाण्याची छागळ, दुसऱ्या अंगाला विळा. विळा कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "वाटंनं चांगलं गवत दिसलं तर?"

घरच्यांची कुरकुर नको म्हणून मागं एक फळी ठोकली. त्यावर दोन माणसं आणि एक पोतं बसे. फळीवर बसणाऱ्याचं तोंड मागं. मी रोज बदनापूरला पाठमोरा पोचत असे, धुरळा खात. दुकानात शेटजी म्हणायचे, "मुनीमजी, आधी तोंड धू, मंग वहीला हात लाव."

पुढची डावी जागा मात्र रिकामी असे. तिथं किसनराव कोणालाही बसू देत नसत. एकदा तहसिलीतला पेशकार हटून बसला की मी पुढंच बसणार. त्याला त्यांनी हात धरून खाली उतरवलं आणि माझ्या शेजारी फळीवर आणून बसवलं. "माफ करा साहेब," म्हणाले, "ती जागा आमच्या घरच्यांची हाये."

आमच्याकडे 'घरचे' म्हणजे बायको. गावाचं हसणं एकदम थांबलं. नवरा-बायकोनं दिवसाढवळ्या, गावादेखत, शेजारी शेजारी बसून जायचं? बाई निघाली तर दमणीत, म्हणजे पडदा लावलेल्या छकड्यात. नवरा पुढं, तोंड बैलांकडे, पाठ बायकोकडे. अशानंच सगळ्यांचे संसार झाले होते. किसनरावांच्या आणि काशीवहिनींच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, लेक तीर्थपुरीला दिलेली होती, आणि आता या माणसाला हे सुचत होतं.

थोरल्या काकांनी पारावरूनच निकाल दिला. "घरची लक्ष्मी मांडीला मांडी लावून ह्या पारापुढून जाणार? मी गेल्यावर करा काय करायचं ते."

 किसनराव तडक सुताराकडे गेले. दोन्ही जागांच्या मधे त्यांनी छातीइतकी उंच फळी बसवून घेतली आणि मोटार पारापुढं नेऊन उभी केली. काकांनी फळी बोटानं वाजवून पाहिली. "फळी चांगली हाये," म्हणाले. "पण बाजू तीच हाये."

मग डावी जागा वीतभर मागं सरकवली. काका म्हणाले, "वीतभर मागं म्हणजे मागं न्हाई." मग डाव्या जागेवर चार बांबू रोवून पडदा लावला. काकांना तो पडदा पसंत पडला. तेव्हा नको म्हणाल्या काशीवहिनी.

आता या दोघांचं बोलणं कसं चाले ते सांगायला हवं. दिवसा घरात सासवा, जावा, दीर, पुतणे. मोठ्यांदेखत नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही. रात्री किसनराव ओसरीवर झोपत आणि वहिनी मधल्या घरात बायकापोरांत. काही सांगायचंच झालं तर किसनराव अंगणातल्या वासरापुढं उभे राहून वासराला सांगत, आणि वहिनी चुलीपुढून चुलीला उत्तर देत. माझी खिडकी त्या अंगणावर. पुस्तकं वाचून मला जेवढी करमणूक झाली नसेल तेवढी त्या खिडकीनं केली.

पडदा लावला त्या सकाळी किसनराव वासराला म्हणाले, "पडदा लावलाय म्हणा आता. बिलकुल बराबर."

चुलीपुढून उत्तर आलं, "पडद्यातच बसायचं तर दमणी काय वाईट होती? निदान बैलं तरी घरची."

दुसऱ्या दिवशी किसनरावांनी पडदा उतरवला. वासराचे कान खाजवत म्हणाले, "गावात अडचण असंल तर कोणी वेशीबाहेर येऊन थांबावं. तिथून कोण बघतंय?"

 चुलीकडून तव्यावर भाकर आपटल्याचा आवाज आला. "गावात नको अन् रानात चालतं, असलं चोरून बसणं मला न्हाई पायजे. मी लग्नाची हाये, पळवून आणलेली न्हाई. बसंन तर पारापुढून बसंन, न्हाई तर न्हाई."

मला वाटलं, आता तरी हा माणूस नाद सोडेल. काका बसू देत नाहीत आणि वहिनी लपून बसत नाहीत. पण किसनराव रोज सकाळी उठून त्या डाव्या गादीवरची धूळ झटकत आणि रिकामी जागा शेजारी घेऊन बदनापूरला जात. वाटेत कधी कधी त्यांचं काहीतरी पुटपुटणं माझ्या कानावर येई. इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नसत. मी समजायचो, देवाचं नाव घेऊन राह्यलेत.

मग तिकडे विलायतेत लढाई पेटली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. दुसऱ्या कोणी मोटार गोठ्यात ठेवून दिली असती. किसनरावांनी तिच्या नाकाला दांडी जोडून पुढं जू बांधलं आणि बैलजोडी जुंपली. शर्यतीची मोटार बैलांच्या चालीनं बदनापूरला जाऊ लागली. कासरा धरून सालगडी पुढं चालायचा, किसनराव चाक सांभाळायचे. स्टेशनावर गाडी थांबली की डब्यातली माणसं खिडक्यांतून वाकून बघायची. मी फळीवर मान खाली घालून बसत असे, पण उतरत नसे. तीन कोस काही कमी नव्हते.

"किसनराव," मी एकदा म्हटलं, "मोटार घेऊन शेवटी बैलगाडीच झाली की."

"आवाज गेला बघा सगळा," ते म्हणाले. "आता बिलकुल बराबर."

दसऱ्याला आमच्याकडे नांगर, विळे, तराजू सगळ्यांची पूजा होते. त्या वर्षी किसनरावांनी मोटारीची पूजा काढली आणि गावच्या जोशीबुवांना बोलावलं. जोशीबुवांच्या कणगीत त्या आठवड्यात नवी ज्वारी कशी आली हे मला माहीत आहे, पण सणासुदीला ते बोलू नये. अंगणात सगळी भावकी जमली, थोरले काका पाटावर बसले. जोशीबुवांनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सांगितलं, "पूजा जोडीनं करायची. उपरण्याला पदराची गाठ मारा. आता जोडीनं वाहनात बसून दुधना नदीकाठच्या महादेवाला जायचं. गाठ तिथं सुटेल."

"कोणत्या पोथीत हाये हे?" काकांनी विचारलं.

"पोथी घरी आहे काका, आणून दाखवतो. पण मुहूर्त टळेल."

काकांनी इकडे तिकडे पाहिलं. गाठ मारलेली होती. देवाच्या कार्यात नवऱ्याशेजारी बायको बसते, नव्हे बसलीच पाहिजे, हे त्यांच्या घराण्यात सात पिढ्या चालत आलेलं. त्याला नाही कसं म्हणणार? काकांनी नुसती सुपारी चघळली.

एवढ्यात जोशीबुवाच अडले. धर्मकार्यात पत्नी उजवीकडे लागते, आणि मोटारीचं चाक नेमकं उजवीकडे. सगळे किसनरावांकडे बघू लागले. किसनराव म्हणाले, "मंग चाक त्यांनी धरावं. कासरा मी धरतो."

अशी ती मोटार निघाली. उजवीकडे डोईवर पदर, नाकात नथ, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेल्या काशीवहिनी. डावीकडे हातात कासरा घेतलेले किसनराव. मधली फळी कधीच काढून टाकली होती, तिथं आता उपरणं-पदराची गाठ होती. जोशीबुवांना यंत्रात बसायला भीती वाटे, म्हणून ते आडवाटेनं पायी पुढं गेले, आणि कलश धरून मागच्या फळीवर मला बसवलं. पार आला. किसनरावांनी मांडी घातली, कारण पाय लांबवायचं आता काही कामच नव्हतं. पारावरची माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी हसलं, आणि लगेच हात जोडले, कारण पुढं देवाचं कार्य होतं. वहिनींनी मान खाली घातली नाही. पंचवीस वर्षांत त्यांनी तो पार समोरून कधी पाहिलाच नव्हता.

वेस मागं पडली. दोन्ही बाजूंनी कापूस, वाट मोकळी. मला वाटलं, आता हा माणूस बोलत सुटेल. इतक्या खटपटीनंतर त्याच्याजवळ केवढं साठलेलं असेल. पण पाठीमागं चिडीचूप. बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. किसनराव एकदा खाकरले.  समोर वासरू नसताना बायकोशी कसं बोलायचं हे त्यांना येतच नव्हतं.

बऱ्याच वेळानं वहिनी बोलल्या, हळूच.

"दात दुखून राह्यला का?"

"कोणाचा?"

"तुमचाच. डाव्या अंगानं चावत न्हाईत. काल भाकर दुधात कुस्करून खाल्ली. दाराआडून दिसतं की मला."

 "दाढ हाये. पंधरा दिस झाले. झोप येत न्हाई."

"पंधरा दिस? मंग सांगितलं का न्हाई?"

"कधी सांगू?"

 मी मागं तोंड करून बसलो होतो, मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, आणि दिसत नव्हते ते बरंच होतं. दाढ दुखते एवढं सांगायला त्या माणसाला मोटार घ्यावी लागली, याचं मला फार वाईट वाटलं. बैल चालत राहिले. मी मान वळवून पाहिलं, तर महादेवाचं देऊळ दिसायला लागलं होतं. दारात जोशीबुवा गाठ सोडायला उभे राहून हात हलवत होते.

तिथं वाट फुटते. एक सरळ देवळाला जाते, दुसरी नदीच्या कडेकडेनं लांबचा वळसा घेऊन. किसनरावांनी कासरा तसाच धरला होता. वहिनींच्या हातातलं चाक करकरलं आणि मोटार नदीच्या बाजूला वळायला लागली. बैल घोटाळले, थांबले, मग किसनरावांनी सावकाश कासरा त्याच बाजूला ओढला.

"लवंगाचं तेल हाये घरात," वहिनी म्हणत होत्या. "अन् दुसरं काय काय सांगायचं राह्यलंय?"

ऊन चढलं होतं, कलशातलं पाणी माझ्या धोतरावर सांडत होतं, पोटात भूक होती. तरी देऊळ इकडे आहे असं काही माझ्याच्यानं म्हणवलं नाही.