पंडित जी. प्रसाद यांच्याविरुद्ध हरकत

सरकारी बोर्डिंगच्या स्वयंपाकाचा ठेका लोधीखेड्याच्या यशवंतरावांना गेला, हे भगवंतरावांनी तहसिलीच्या फळ्यावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आणि तिथल्या तिथे टोपी काढून हातात घेतली. राग आला की त्यांचं डोकं तापायचं आणि तापलेल्या डोक्यावर त्यांना टोपी सहन होत नसे. सौंसरच्या बोर्डिंगातल्या पोरांना ते वर्षानुवर्षं जेवू घालत आले होते. पण नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्यप्रदेशातच राहिलं, राजधानी भोपाळला गेली आणि जुने ठेके मोडून नवं टेंडर निघालं.

दर भगवंतरावांचाच कमी होता. ते पडले ते आचाऱ्यावर. नव्या नियमाने मुख्य आचाऱ्याच्या योग्यतेला चाळीस गुण होते. भगवंतरावांचा आचारी बोरगावचा गुणवंता, त्याला मिळाले चार. यशवंतरावांचा आचारी पंडित जी. प्रसाद, पाकशास्त्री, त्याला अडतीस!

"गुणवंताले चार?" घरी येऊन ते बायकोवर गरजले. "अर्ध्या तहसिलीचे लग्नं त्याच्या हातानं पार पडले!"

पंचफुलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "अवो, पन टेंडरात अनुभवाच्या जागी तुमी काय लिवलं होतं?"

"काय लिवाचं? 'सर्वांस ठाऊक आहे' असं लिवलं."

"साहेबाले ठाऊक हाय का?"

जुने साहेब गुणवंताच्या हातचं जेवूनच बदलून जात. नवे साहेब महिन्याभरापूर्वी रीव्याकडून आलेले, त्यांना गुणवंता कोण आणि बोरगाव कुठे, काही पत्ता नव्हता. भगवंतरावांना हे कळलं, पण कळलं म्हणून वळायला ते भगवंतराव कशाला असते! चूक आपली असली की त्यांचा आवाज आणखी चढायचा.

"मी हरकत घेतो," ते म्हणाले. "त्या परसादाले उघडा पाडल्याबिगर मी आता टोपीच घालत नाई."

मंगळवारच्या बाजारात पुंडलिकरावांच्या किराणा दुकानापुढे उभं राहून त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. जी. प्रसाद त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे बोलायला कसलीच अडचण नव्हती. त्याला वरण शिजवता येत नाही, त्याचा भात गुरंही हुंगणार नाहीत, असा आचारी म्हणजे निव्वळ गाढव, असं त्यांनी बाजाराला सांगितलं. मग हेच सगळं 'सदरहू इसम' वगैरे घालून अर्जात लिहवून घेतलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

गुणवंता तेव्हा दुकानापाशीच उभा होता. "मालक, थोडं बोलाचं होतं जी," तो दोनतीनदा म्हणाला.

"तू चूप राह्य बे! तुह्यासाठीच तं भांडून राहिलो मी."



सुनावणीला नव्या साहेबांनी दोन्ही ठेकेदारांना आपापला आचारी घेऊन बोलावलं. अर्धा बाजार तहसिलीच्या आवारात लोटला. भगवंतराव उघड्या डोक्याने, छाती काढून पुढे उभे. यशवंतराव मात्र कोपऱ्यात उपरण्याने घाम पुसत होते.

"भगवंतराव का रसोइया?" साहेबांनी पुकारलं.

गुणवंता पुढे आला. हात जोडले आणि मागे जाऊन उभा राहिला.

"पंडित जी. प्रसाद?"

गुणवंता पुन्हा पुढे आला.

"तू काऊन आला बे परत?" भगवंतराव खेकसले.

"मीच हाव जी." गुणवंता खाली पाहत म्हणाला. "यशवंतरावच्या पोरानं गुणवंताचा 'जी' केला आन् पुढं परसाद लावून नाव लांबवलं. जबलपूरच्या एका लग्नात मी बुंदी पाडली होती, ते बी त्यानं लिवलं. खोटं नाई त्यात."

"दोघाची सुपारी घेतली तू?"

"लग्नसराईत घेतोच ना जी. इथं तं काम एकालेच लागनार होतं. ज्याले लागन त्याच्याकडं जाईन म्हनलं. यात मी कोनाले बुडवलं, सांगा."

यात खोट काढणं कठीण होतं. साहेबांनी अर्ज उचलला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "आपने लिखा है, इस आदमी को दाल तक पकानी नहीं आती. तो फिर आपने इसे क्यों रखा?"

आवारात हसू फुटलं. भगवंतराव कात्रीत सापडले. आचारी चांगला म्हणावा तर हरकत खोटी, वाईट म्हणावा तर टेंडर गेलं. दुसरा कोणी असता तर अर्ज मागे घेऊन घरी गेला असता. भगवंतराव टेबलावर हात आपटून म्हणाले, "साहेब, माह्या अर्जाचं मंग पाहू. पयले हे सांगा, मानूस एक, हात एक, पळी एक. त्याले माह्याकडं चार आन् त्याच्याकडं अडतीस कसे? चार द्या नाईतं अडतीस द्या, पन दोघाले सारखे द्या!"

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने छताकडे. अखेर दोन्हीकडे अडतीस लिहिले गेले. मग उरला फक्त दर, आणि दरात भगवंतराव जिंकले.

"रसोइये की मंजूरी चाहिए," साहेब म्हणाले. "अंगूठा लगाओ."

गुणवंताने अंगठा मुठीत दाबून धरला. "मी नाई लावत. ज्याले वरन येत नाई त्यानं बोर्डिंगात कायले जाव? यशवंतरावनं मले पंडित केलं. तुमी भर बाजारात गाढव म्हनलं."

"मी त्या परसादाले म्हनलं!"

"तो परसाद मीच ना जी. आता लोकं मले रस्त्यात पुसतीन, वरन शिकला का म्हून. जथी बोलले, तथीच उभं राहून खोडून काढा. मंग अंगठा."

भगवंतरावांचा चेहरा लाल झाला. या माणसाने आयुष्यात कधी शब्द मागे घेतला नव्हता. पण गुणवंताच्या आवाजातला काटा त्यांना खरोखर लागला. तावातावात आपण आपल्याच माणसाची अब्रू घेतली, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं आणि फार वाईट वाटलं. ते तडक बाजाराकडे निघाले. मागे गुणवंता, त्याच्यामागे सगळं आवार.

पुंडलिकरावांच्या दुकानापुढे उभं राहून त्यांनी भांडणाचाच आवाज लावला. "ऐका रे! गुणवंतासारखं वरन अख्ख्या तहसिलीत कोनी करत नाई! त्याले नावं ठेवनारा मानूस गाढव हाय!"

"कोन हाय जी तो गाढव?" पुंडलिकरावांनी गल्ल्यावरूनच विचारलं.

भगवंतरावांनी गुणवंताकडे पाहिलं. गुणवंता हाताची घडी घालून वाट पाहत होता. सोडवायला येईल अशी काही चिन्हं नव्हती.

"मी!" भगवंतराव कडाडले. "मीच हाव! कोनाची हरकत हाय? असन तं लेखी द्या!"