राखाडी पिल्लाची वाट

व्हर्लिन स्टकीच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय त्याच्या बायकोनं, डोरीननं, घेतले होते आणि म्हणूनच ते बरे निघाले होते. घरातल्या अजगरिणीला नवरा आणायचा हा निर्णय मात्र त्यानं एकट्यानं घेतला.

अजगरीण चार फुटी, तपकिरी, चेंडूसारखी गुंडाळी करून दिवसभर पडून राहणारी. (स्वभावानं ती व्हर्लिनच्या वळणावर गेली होती, असं डोरीनचं मत.) विकणाऱ्यानं सांगितलं होतं की ती 'हेट' आहे. हेट म्हणजे दिसायला चारचौघींसारखी, पण रक्तात दुसराच रंग दडवून बसलेली. आई हेट, बापही हेट असला, तर चारांतलं एखादं पिल्लू चांदीसारखं राखाडी निघतं, आणि बाजारात त्याला साध्या पिल्लाच्या वीसपट भाव येतो. व्हर्लिन सरकारी कचेरीत खिडकीमागे बसून गाड्यांच्या नंबरप्लेटा द्यायचा. तिथं समोर येणाऱ्या शंभरांतलं एकही कधी चांदीचं निघालं नव्हतं, त्यामुळे चारांत एक हे प्रमाण त्याला फारच उदार वाटलं.

नर फोनवर ठरला.

"राखाडीचा हेट आहे ना?"

"राखाडीचाच," पलीकडचा म्हणाला.

झालं. (लग्नाआधी डोरीनच्या वडिलांनी व्हर्लिनला याहून जास्त प्रश्न विचारले होते.)

पहिल्या वर्षी नर वयात आलेला नव्हता. दुसऱ्या वर्षी आला, पण मादीनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दरम्यान जोडीला आणखी चौदा अजगर आले, डोरीनची शिवणाची खोली त्यांची झाली आणि शिवणाचं मशीन गॅरेजमध्ये गेलं. डोरीन कुरकुरली नाही. ती कुरकुरली नाही याचा अर्थ तिची हरकत नाही, असा व्हर्लिननं सोयीस्कर अर्थ काढला. तो चुकीचा होता हे त्याला फार उशिरा कळलं.

अजगरांना लागणारे गोठवलेले उंदीर फ्रीजरमध्ये असत. बायकोला किळस येऊ नये म्हणून व्हर्लिन ते पांढऱ्या कागदात खाटकासारखे व्यवस्थित गुंडाळून ठेवी. चर्चच्या सामुदायिक जेवणाला निघताना डोरीननं डुकराच्या मांसाचं म्हणून त्यातलंच एक पुडकं उचललं आणि तिथल्या स्वयंपाकघरात, पाद्रीबाईंच्या देखत, सोडलं. त्या दिवशी जेवायला नुसती बटाट्याची भाजी होती म्हणतात.

"मला त्या उंदरांचं काही नाही," बॅग भरताना डोरीन म्हणाली. "तीन वर्षांत तू माझ्याशी जे काही बोललास, ते सगळं त्या खोलीबद्दल बोललास. आता मला काही विचारावंसंच वाटत नाही."

व्हर्लिनला खूप काही बोलायचं होतं. तो म्हणाला, "या वर्षी ती अंडी घालेल असं वाटतंय."

डोरीन मन्सी गावी बहिणीकडे, गेलकडे, निघून गेली.

मादीनं खरोखरच सहा अंडी घातली. व्हर्लिननं लगेच फोन लावला. तो गेलनं उचलला.

"डोरीनला सांग, सहा अंडी आहेत. दोघंही हेट आहेत."

"एकमेकांना हेट करतात, तर त्यांना एकत्र ठेवतोस कशाला?" गेल म्हणाली. "तुला अनुभव नाही का?"

शेवटी डोरीन फोनवर आली. "एक तरी राखाडी निघेल," व्हर्लिन म्हणाला. "तू फक्त बघायला ये. एकदा बघितलंस की मी इतकी वर्षं काय करत होतो ते तुला कळेल." ती येईन म्हणाली. साठ दिवस व्हर्लिन त्या एका शब्दावर जगला. राखाडी पिल्लू पाहिल्यावर ती कोट काढून ठेवील, मग कॉफी मागेल, मग राहील, इथपर्यंत त्यानं मनात ठरवून टाकलं होतं. घर फार ओकंबोकं झालं होतं आणि सोळा अजगरांपैकी एकालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं.

अंडी फुटायची त्या रविवारी डोरीन चर्चमधून परस्पर आली. कोट अंगावरच ठेवून उभी राहिली. फोर्ट वेनच्या बाजारात वीस वर्षं साप विकणारी रेनीही कौतुकानं आली होती. पहिलं डोकं बाहेर आलं. तपकिरी. दुसरं तपकिरी. सहावंही तपकिरी निघालं, तेव्हा व्हर्लिननं अंड्यांवरचा दिवा पुसला, मग चष्मा पुसला.

"नर कुठल्या घराण्यातला?" रेनीनं विचारलं.

"राखाडीच्या."

"अरे बाबा, राखाडीची घराणी दोन आहेत. दिसतात सारखी. पण ही मादी एका घराण्याची आणि तुझा नर दुसऱ्या घराण्याचा असला, तर शंभर वर्षं जुळवलंस तरी राखाडी निघायचं नाही. हे विचारायचं असतं आधी."

"म्हणजे दोघांच्याही आत काहीतरी होतं," डोरीन हळूच म्हणाली, "फक्त ते एक नव्हतं."

व्हर्लिनला तिच्याकडे बघवेना. रेनी अचानक घाईत असल्यासारखी निघून गेली.

डोरीननं एका पिल्लाकडे बराच वेळ पाहिलं. "हे साधं केवढ्याला जातं?"

"वीस डॉलर."

"मला एक ठेव. खायला लागलं की नेईन."

दोन आठवड्यांनी ती आली. कोट याही वेळी काढला नाही. नोट टेबलावर ठेवली. व्हर्लिन नको नको म्हणाला, पण तिनं ऐकलं नाही. तीन वर्षांत त्याच्या हातून खपलेला तो पहिला साप.

"नर की मादी?" दारात तिनं विचारलं.

"नर," व्हर्लिन ठासून म्हणाला. निदान एवढं तरी आपल्याला कळतं, हे तिला दिसावं अशी त्याची इच्छा होती.

तिनं त्याचं नाव व्हर्लिन ठेवलं. गेलनंच सांगितलं: दिवसभर पडून असतो, कुणाशी बोलत नाही, म्हणून. व्हर्लिनला त्यात टोमणा दिसला नाही. आपल्या नावाचं काहीतरी तिच्या खोलीत, तिच्या दिव्याखाली आहे, ती रोज त्याला हाक मारते, एवढ्यावर तो महिनाभर खुशीत होता. कचेरीतही खिडकीबाहेरच्या लोकांना 'या' म्हणू लागला.

मग डोरीनचा फोन आला.

"जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मादी आहे."

"अस्सं," व्हर्लिन म्हणाला. "मग आता नाव काय ठेवलंस?"

"अजून ठरलं नाही," डोरीन म्हणाली. "पण तुझं काढलंय."