पहाटेचे दुष्परिणाम

गेलं वर्षभर आमच्या सोसायटीत दिवस उजाडायचा तो औषधांच्या दुष्परिणामांनी. पहाटे पाचच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खणखणीत आवाजात सुरुवात व्हायची: नॉशिया, व्हॉमिटिंग, डिझिनेस, ड्राय माउथ, स्किन रॅश. मग एक मोठा श्वास. मग "पुढं चला," असा हुकूम, आणि पुढचं औषध.

आवाज कोंढऱ्यांचा. मी त्यांच्या थेट खाली, दुसऱ्या मजल्यावर राहते, त्यामुळे मला तो सवलतीत मिळायचा. नामदेव कोंढरे हे दुधाच्या गाडीवरचे निवृत्त ड्रायव्हर. शिक्षण दहावी, तेही भोरच्या बाजूच्या एका शाळेत. वाचत होते ते बी. फार्मसीचं पुस्तक. डिग्री त्यांना नको होती. डिग्री त्यांची मुलगी साक्षी करत होती. ती टेबलाशी बसायची आणि हे तिच्यासमोर उभे राहून वाचायचे, पोलीस पंचनामा वाचतात तसे.

हे सुरू कसं झालं ते सांगते. साक्षीची मेडिसिनल केमिस्ट्रीची बॅक राहिली, म्हणजे तो एक विषय सुटला नाही. त्याच सुमारास कोंढऱ्यांच्या बायकोला, लताला, सासवडला जावं लागलं. तिच्या आईला अर्धांगवायू झाला आणि बघायला दुसरं कोणी नव्हतं. जाताना ती नवऱ्याला म्हणाली, पोरीच्या अभ्यासाकडे जरा लक्ष द्या. आता असं सगळेच म्हणतात आणि सगळेच नवरे मान हलवतात. कोंढऱ्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुस्तक हातात घेतलं.

त्यांचं वाचन पाहण्यासारखं होतं, म्हणजे लांबून. ते काहीही गाळत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तकाची किंमत वाचली, प्रकाशकाचा पत्ता वाचला, मागच्या बाजूला छापलेले फोन नंबरही वाचले. स्वल्पविराम हा त्यांना रस्त्यातला खड्डा वाटे. तो दिसला की वेग कमी, आणि गेला की पुन्हा जोरात. शब्द अडला तर "थांब, रिव्हर्स घेतो," म्हणून ओळीच्या सुरुवातीला जायचे. तक्ते आडवे वाचायचे, मग उभेही वाचायचे. न जाणो, परीक्षेत कसे येतील.

पण खरी मजा रसायनांच्या आकृत्यांची. मेडिसिनल केमिस्ट्रीचं पुस्तक म्हणजे षटकोनांचा बाजार. प्रत्येक औषधाची एक आकृती, तिला इकडून तिकडून फाटे फुटलेले. ती वाचून कशी दाखवणार? दुसरा कोणी असता तर पान उलटून मोकळा झाला असता. कोंढऱ्यांनी आयुष्यभर रस्ते लक्षात ठेवले होते. ते सांगायचे, "तीन खोल्या लागून हायत. मधल्या खोलीला वर एस, खाली एन. एनपासून सरळ खाली उतरायचं, तीन कार्बन सोडायचे, परत एन लागतो. तिथं दोन फाटे. उजव्या अंगाच्या खोलीला सीएल. कळलं का?"

यावर साक्षीचा आवाज कधी ऐकू आलाच तर "हं" एवढाच.

सोसायटीवर या शिक्षणाचे परिणाम झाले. खराडीच्या कंपनीत रात्रपाळी करून पहाटे झोपणारा चौथ्या मजल्यावरचा मुलगा मला म्हणाला, काकू, मला स्वप्नातसुद्धा स्किन रॅश येते. पहिल्या मजल्यावरच्या गोखले आजींनी सरळ रक्तदाबाची गोळी बंद केली. त्यांच्या गोळीचं नाव पहाटे वाचनात आलं होतं आणि तिच्याखाली अकरा-बारा वाईट गोष्टी होत्या. आजींनी त्या सगळ्या आपल्याला होत असल्याचं ठरवलं आणि गोळ्या कुंडीत टाकल्या.

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. निवडणुकीच्या मीटिंगला मी उशिरा पोहोचले, म्हणून. शिवाय नोकरी विमा कंपनीत, क्लेम तपासण्याची, त्यामुळे लोकांना वाटतं की भांडणं मिटवणं मला आवडत असेल. आजींच्या गोळ्यांचं कळल्यावर मी साक्षीला बोलावून घेतलं. वडिलांनी घातलेला घोळ मुलीने निस्तरावा, इतका साधा हिशेब होता माझा.

साक्षी आजींच्या पलंगाशी स्टूल ओढून बसली. आधी आजींना बोलू दिलं. मग गोळी नेमकं काय करते, पुस्तकात लिहिलेलं सगळंच प्रत्येकाला का होत नाही, कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना का सांगायचं, मनाने गोळी बंद केली तर काय होऊ शकतं, हे तिने इतकं सोपं करून सांगितलं की आजींनी मध्येच सुनेबद्दलही सल्ला विचारला. तोही तिने दिला. आजी हसल्या, गोळी घेतली. मी बाहेर आले तर जिन्यात कोंढरे उभे. आपल्यामुळे आजींना काही झालं की काय म्हणून खाली आले असावेत, पण आत यायचा धीर झाला नव्हता.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "एवढं बोलती व्हय ती?"

मी हो म्हटलं आणि भाजी टाकायला घरी आले. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

साक्षीने विषयाची परीक्षा पुन्हा दिली आणि पुन्हा नापास झाली. आता एकच संधी राहिली. यात विषय सुटला नाही तर पुढच्या वर्गात प्रवेश नाही, वर्ष घरी बसायचं. वाचन अर्थातच वाढलं. पहाट होतीच, त्यात संध्याकाळची भर पडली.

एक दिवस मी पार्किंगमध्ये स्कूटर लावत होते. साक्षी माझी वाट बघतच उभी होती.

"काकू, तुम्ही सेक्रेटरी आहात ना? माझ्या पप्पांविरुद्ध कम्प्लेंट करता येते का?"

"कोणाची?"

"माझीच."

मग तिने सांगितलं. तिला आकृत्या हाताने पुन्हा पुन्हा काढून पाठ होतात, शांततेत. ऐकून काहीच डोक्यात जात नाही. आणि पप्पांचं ऐकून ऐकून आता पेपरात स्ट्रक्चर आठवायच्या ऐवजी तिला खोल्या आणि फाटे आठवतात. मागच्या वेळी एका फाट्यावर ती चुकली आणि पुढचं सगळंच चुकलं. मी म्हटलं, मग हे त्यांनाच सांग की. एका वाक्याचं काम आहे.

"सांगितलं तर ते 'बरं' म्हणतील," ती म्हणाली. "आणि मग परत कधीच काही म्हणणार नाहीत. तुम्हाला माहीत नाहीत ते."

मला माहीत नव्हते हे खरंच. त्या संध्याकाळी मी वर गेले. साक्षी कॉलेजच्या लायब्ररीत होती. कोंढरे जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसले होते, दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी. मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. सोसायटीची तक्रार आहे, वाचन बंद करा, मुलीलाही त्याचा उपयोग होत नाही.

त्यांना राग आला नाही. आश्चर्यही वाटलं नाही.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "गाडी चालवणाऱ्याला मागचं सगळं आरशात दिसतं. ती ऐकत न्हाई. डोळं उघडं ठिवून बसती नुसती."

"मग वाचता कशाला?"

त्यांनी एक जुडी सोडली, पानं खुडायला लागले.  

"मॅडम, माझी गाडी मध्यरातीला निघायची. तवा ती झोपल्याली. मी परत आलो की ती शाळंत. ती आली की मी झोपल्याला. जे काय बोलायचं ते हिच्या मारफत. तिला सांग, त्यांना सांगा, असंच. आता ही तिकडं सासवडला. घरात आम्ही दोघंच." त्यांनी मेथीची काडी बाजूला टाकली. "पोरीशी काय बोलायचं असतं ते मला येत न्हाई. पुस्तकात लिवल्यालं असतंय. म्हणून वाचतो."

क्लेमच्या कामात माझ्यासमोर लोक रोज काही ना काही सांगत असतात, आणि मी कागद बघत असते. इथे बघायला कागद नव्हता. मी मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढली आणि निवडायला घेतली.

"वाचन उद्यापासून बंद," मी म्हटलं. "त्याऐवजी रोज एक प्रश्न विचारायचा. डबा कसा होता, हा पहिला."

"डबा मीच भरतो. मला म्हाईत असतंय कसा व्हता."

"तरी विचारायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे शांतता होती. इतकी, की मला उठायला उशीर झाला. संध्याकाळी ऑफिसमधून येताना कोंढरे जिन्यात भेटले.

"इचारलं," ते म्हणाले. "'बरा होता' म्हणली."

"मग?"

"मग मी 'बरं' म्हणलं. मग ती आत गेली. पुढं काय इचारायचं?"

त्यानंतर ते अधूनमधून प्रश्न घ्यायला यायचे, रेशन घ्यायला यावं तसे. मीही देत गेले. बस वेळेवर मिळाली का. मैत्रिणीचं नाव काय. प्रॅक्टिकलला आज काय बनवलं. या शेवटच्या प्रश्नावर साक्षीने एकदा मलम घोटायला किती वेळ लागला हे सांगितलं म्हणे, आणि तिचा हात दुखत होता. त्यांनी तेल गरम करून दिलं. हे सांगताना त्यांचा चेहरा परमिट मिळालेल्या माणसासारखा होता. पण बहुतेक दिवशी उत्तर एका शब्दात संपायचं आणि ते जिन्यात माझ्यासमोर ओशाळून उभे राहायचे.

परीक्षा झाली. निकालाची तारीख पुढे पुढे सरकत राहिली. मी माझ्या कामाला लागले.

परवा संध्याकाळी मी कुकर लावून वर्तमानपत्र उघडलं आणि बेल वाजली. दारात कोंढरे. हातात फोन, आणि श्वास लागलेला, एकच जिना उतरले होते तरी.

"सुटला विषय," ते म्हणाले.

मी अभिनंदन केलं. पेढे घेऊन येत असतील तर मला शुगर आहे, हेही सांगितलं. ते जागचे हलले नाहीत.

"कॉलेजातनं फोन केला तिनं. मला. आईला न्हाई, आधी मला."

"छान झालं. काय म्हणालात मग?"

त्यांनी फोन खिशात टाकला, परत बाहेर काढला.

"'बरं' म्हणलं," ते म्हणाले. "आन् ठिवला. काय म्हणायचं असतं अशा टायमाला?"

मी त्यांना सांगितलं की परत लावा. लावून काय बोलू, त्यांनी विचारलं. या वेळी माझ्याजवळ प्रश्न नव्हता.

"काही बोलू नका. ती बोलेल. तुम्ही फक्त ठेवू नका."

ते तिथेच, माझ्या दारासमोरच्या पायरीवर बसले. चष्मा वर ढकलून नंबर शोधायला लागले. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले. भात झाला, आमटीला फोडणी दिली, गॅस पुसून घेतला. मग कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं, तर गृहस्थ अजून पायरीवरच. जिन्यातला दिवा कोणी लावला नव्हता. फोन कानाशी घट्ट धरलेला, मान खाली. ते काही बोलत नव्हते. पलीकडून मात्र आवाज येत होता, बारीक, भरभर, न थांबणारा.

मी बादली आतच ठेवली आणि आवाज न करता दार लावून घेतलं.