समोरच्याचं डावं

बाजू दोनच असतात, डावी आणि उजवी. तरीही मनुष्यजातीच्या हातून आजवर ज्या चुका झाल्या, त्यांतल्या निम्म्या या बाजूचं त्या बाजूला केल्याने झाल्या आहेत. (उरलेल्या निम्म्या योग्य बाजूला केल्याने झाल्या, पण तो विषय वेगळा.) ही पार्श्वभूमी ध्यानात घेता, एका निवृत्त हेडक्लार्कने जेवणाच्या टेबलावर विमान जोडायला घ्यावं, ही बाब गंभीर म्हटली पाहिजे.

त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. उभी नोकरी त्यांनी एका खिडकीच्या आत बसून काढली. बाहेरच्या माणसाला अर्जावर डावीकडे सही करायला सांगितलं की तो हमखास विचारी, कुणाच्या डावीकडे? शेवटी भाऊसाहेबांनी नियमच घालून दिला: समोरच्याचं डावं, तेच डावं. तो त्यांच्या इतका अंगवळणी पडला की डावं म्हणताच त्यांचं बोट आपोआप स्वतःच्या उजवीकडे जाई. खिडकीवरचं कामकाज त्यामुळे फारच सुरळीत झालं. (घरी मात्र पाहुण्यांना संडास दाखवण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं होतं.)

विमान होतं रिमोटवर उडणारं, खास नवशिक्यांसाठी बनवलेलं. नवशिक्यांसाठीचं विमान हे पडण्याच्या दृष्टीने अत्यंत सोयीचं असतं. खोक्यात थर्माकोलसारखे हलके दोन पंख, एक शेपूट, मोटर, बॅटरी, गोंद, एक पाना आणि गरजेपेक्षा थोडे जास्त स्क्रू निघाले. पंख एकमेकांना चिकटले. मग भाऊसाहेबांच्या बाहीला चिकटले. मग बाहीसकट टेबलक्लॉथला चिकटले. कात्रीच्या साहाय्याने हा टप्पा यशस्वीरीत्या पार पडला. घरची मंडळी तोवर मांडीवर ताट घेऊन जेवत होती, आणि बायकोचा संयम संपत आला होता.

"अहो, रविवारी हे उडालं नाही, तर मी ते भावोजींना देऊन टाकणार."

भावोजी म्हणजे भाऊसाहेबांचे साडू. ते असली विमानं बरीच वर्षं उडवत आणि न विचारता सल्ला देत. शिवाय भाऊसाहेबांनी आजवर आरंभलेलं तबला, योगासनं आणि मधमाश्या असं सगळं अर्ध्यावर सुटलं होतं, हे साडूंना तोंडपाठ होतं. विमान जाणार, आणि तेही त्यांच्या घरी, या कल्पनेनेच भाऊसाहेब घाईने पुढच्या स्क्रूकडे वळले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले होते; स्वतःच्या हाताने काही बनवण्याची ही पहिलीच वेळ होती.

शेवटी शेपटीवरचं सुकाणू राहिलं. ते हलवणारी तार डाव्या बाजूला अडकवायची होती. विमान भाऊसाहेबांकडे पाठ करून बसलं होतं, पण कुणी पाठ फिरवली म्हणून नियम बदलत नसतो. तार उजवीकडे अडकली, आणि वरून गोंदाचा थेंब टाकून हा निर्णय कायम करण्यात आला.

रविवारी मैदानावर बघ्यांची चांगली गर्दी होती. कडेच्या झाडावर आधीच चार विमानं अडकली होती. (चारही बिनचूक जोडलेली.) भाऊसाहेबांनी रिमोटच्या दांडीवरचा अंगठा डावीकडे दाबला आणि जमिनीवरचं विमान थेट उजवीकडे वळलं. चूक काय ती एकजात सगळ्यांना कळली. शेंगदाणे खाणाऱ्यांनाही कळली. साडू म्हणाले, तार उलटी लागलीय, द्या इकडे, दोन मिनिटांचं काम. पण साडूंचा हात लागला की विमान साडूंचं झालं, हे भाऊसाहेबांना स्वच्छ दिसत होतं.

"उलटी नाही," ते म्हणाले. "समोरच्याच्या दृष्टीने लावली आहे."

लोक पोट धरून हसले. बायको मात्र चालत गेली आणि विमानाच्या नाकासमोर उभी राहिली.

"पुन्हा दाबा बघू," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्याकडून बघितलं तर बरोबरच वळतंय की."

झालं! विमानात दोष नव्हताच; बघणारेच चुकीच्या बाजूला उभे होते. विमान येत असताना त्याच्याकडे तोंड करावं, जात असताना पाठ करावी आणि आरशात बघावं, म्हणजे अंगठ्याचं डावं आणि डोळ्याचं डावं एकच. खोक्यातल्या पान्याने साडूंच्याच स्कूटरचा आरसा काढण्यात आला. तो बायकोने भाऊसाहेबांच्या नाकासमोर धरला, आणि त्यांच्या पाठीमागे विमान उडालं.

खरंच उडालं! आरशात उडालं. वळून परत येऊ लागलं तसे दोघं गर्रकन फिरले, ते डोक्यावरून गेलं तसा आरसा पुन्हा वर आला, ते वळलं तसे पुन्हा फिरले. भाऊसाहेब मध्ये भिंगरीसारखे आणि त्यांच्याभोवती आरसा घेऊन धावणारी बायको. तिची एक चप्पल केव्हाच मागे पडली होती आणि ती लग्नातही हसली नव्हती इतकी हसत होती. लोकांना विमान बघावं की यांना, ते कळेना. शेवटी ते येऊन भाऊसाहेबांच्या पायाशी टेकलं, चाकं सोडल्यास संपूर्ण. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते चक्कर आल्यामुळे आहे, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

टेबल त्याच दिवशी रिकामं झालं. विमान आता पलंगावर असतं. तार अजून उजवीकडेच आहे. साडू अजून सांगतात की ती डावीकडे लावली की झालं, एवढी साधी गोष्ट. बरोबरच आहे. तुम्हालाही ती मघाशीच कळली होती, आणि भाऊसाहेबांना तुम्ही मनातल्या मनात हसलातही.

तर मग बिनचूक जोडलेलं विमान तुम्ही घ्या. ते नाक तुमच्याकडे करून वेगात येतंय. तुमच्या उजव्या हाताला झाड आहे. वाचवा.

अंगठा डावीकडे हलला ना?

ते स्वतःच्या डावीकडे वळलं, म्हणजे थेट झाडात. शिडी भाऊसाहेबांकडे मिळेल. येताना आरसा आणा.